गर्भवतीचा रक्तक्षय आणि शेतकरी कुटुंबाची जबाबदारी

गोठ्यातील गाय गाभण राहिली की शेतकरी तिच्या वैरणीकडे विशेष लक्ष देतो. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत तिचे दूध आटवून तिला विश्रांती दिली जाते, पेंड व सरकी यांचा खुराक वाढविला जातो आणि तिला लांब चरावयास पाठवीत नाहीत. गाय अशक्त राहिली तर वासरू अशक्त निपजेल व पुढील वेताचे दूध कमी येईल, हा हिशेब त्याला पुस्तकाविना ठाऊक असतो. त्याच घरात सून गर्भवती असेल, तर मात्र ती सर्वांच्या मागून जेवते, उरलेसुरले खाते आणि दिवस भरत आले तरी खुरपणीस जाते. हे विधान कोणास कठोर वाटेल. परंतु आपल्या खेड्यांतील पुष्कळशा घरांची स्थिती आजही अशीच आहे, आणि गर्भवती स्त्रियांमध्ये दिसून येणाऱ्या रक्तक्षयाचे मूळ बऱ्याच अंशी येथेच आहे.

शेतीविषयक पत्रिकेत या विषयाची चर्चा कशाला, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर सोपे आहे. घरात कोणते धान्य यावे हे शेतात ठरते. शेतातील पेरणी, लावणी, निंदणी व काढणी यांचा मोठा भार स्त्रियांच्या अंगावर असतो. आणि कुटुंबप्रमुखाशी बी-बियाणे व खते यांविषयी बोलणारा कार्यकर्ता त्याच्याशी याही विषयावर बोलू शकतो. रक्तक्षय हा केवळ दवाखान्याचा प्रश्न आहे, ही समजूत आता सोडावयास हवी, असे आमचे मत आहे.

रोगाचे स्वरूप

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त द्रव्य असते. प्राणवायू शरीरभर पोहोचविण्याचे काम ते करते. गर्भवती स्त्रीच्या दर १०० मिलिलीटर रक्तात हे द्रव्य ११ ग्रॅमपेक्षा कमी आढळल्यास तिला रक्तक्षय आहे, असे सामान्यतः मानतात. १० ते १०.९ ग्रॅम हा सौम्य, ७ ते ९.९ ग्रॅम हा मध्यम आणि ७ ग्रॅमच्या खाली गेलेला तीव्र रक्तक्षय होय. थोड्या श्रमाने दम लागणे, छातीत धडधडणे, डोळ्यांच्या पापण्यांची आतील बाजू, नखे व जीभ फिकट दिसणे, सदैव थकवा वाटणे, माती किंवा पाटीवरची पेन्सिल खाण्याची इच्छा होणे ही याची लक्षणे आहेत. परंतु सौम्य रक्तक्षयात यांपैकी एकही लक्षण स्पष्ट दिसेलच असे नाही. म्हणून रक्त तपासल्यावाचून निर्धास्त राहू नये.

या रोगाचा प्रसार किती आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून कळते. त्या पाहणीत देशातील गर्भवतींपैकी शेकडा ५२ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण शेकडा सुमारे ४६ होते. या रोगाच्या प्रतिबंधासाठी देशव्यापी कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २०१३ मध्ये त्याची पुनर्रचना झाली आणि २०१८ पासून ‘ॲनिमियामुक्त भारत’ ही मोहीम हाती घेण्यात आली. तरीही अर्ध्या शतकानंतर निम्म्याच्या आसपास गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळाव्यात, ही गोष्ट आपणा सर्वांस अंतर्मुख करणारी आहे.

याचे परिणाम सौम्य नाहीत. प्रसूतीच्या वेळी होणारा जो रक्तस्राव निरोगी स्त्री सहन करते, तोच रक्तक्षय झालेल्या स्त्रीच्या जिवावर बेततो. मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मण्याचा संभव वाढतो. मातेकडून त्याला लोहाचा पुरेसा साठा न मिळाल्याने ते वर्षाचे होण्यापूर्वीच स्वतः रक्तक्षयाच्या वाटेस लागते. ते मूल मुलगी असेल, तर सोळा-सतरा वर्षांनी तीच उणीव घेऊन ती सासरी जाते. बियाणेच निकृष्ट असेल तर पीक कसे येईल, हे शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको.

लोहाचा जमाखर्च

गरोदरपणाच्या संपूर्ण काळात स्त्रीला सुमारे १,००० मिलिग्रॅम लोह जास्तीचे लागते. त्यांपैकी सुमारे ३०० मिलिग्रॅम गर्भ व वार यांना, सुमारे ५०० मिलिग्रॅम तिचे स्वतःचे रक्त वाढण्यासाठी आणि उरलेले शरीराच्या नित्य झिजेसाठी खर्ची पडते. ही गरज नऊ महिन्यांत सारखी विभागलेली नसते. पहिल्या तीन महिन्यांत ती अल्प असते. उत्तरार्धात मात्र दिवसाला सहा ते सात मिलिग्रॅम लोह प्रत्यक्ष रक्तात जावे लागते.

आता जमेची बाजू पाहू. आपल्या भाकरी-भाजीच्या आहारातील लोहापैकी शेकडा पाच ते आठ भागच अंगी लागतो. दिवसाच्या आहारातून १५ मिलिग्रॅम लोह पोटात गेले असे धरले, तरी रक्तात पोहोचते ते जेमतेम सव्वा मिलिग्रॅम. गरोदरपणात शोषणाची शक्ती वाढते हे खरे, तथापि तेवढ्याने ही तूट भरून निघत नाही. ती भरून काढण्याचे दोनच मार्ग आहेत: आधीपासून शरीरात असलेला साठा आणि औषधरूपाने दिलेले लोह. ज्या स्त्रीचा साठा गर्भधारणेपूर्वीच संपलेला असतो, तिचे नऊ महिने कर्जानेच सुरू होतात. या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि तिच्याकडेच आपले सर्वाधिक दुर्लक्ष होते.

धोका कोणास अधिक

पहिला धोका लवकर होणाऱ्या विवाहाचा. वीस वर्षांच्या आतील मुलीचे स्वतःचेच शरीर वाढत असते. तिच्या ठायी गर्भ राहिला की एका शिदोरीत दोन वाटेकरी होतात. वर उल्लेखिलेल्या पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे २२ जणींचे विवाह अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. कायद्याने बंदी असलेल्या या प्रथेचा हिशेब शेवटी त्या मुलीच्या रक्तातून चुकता होतो.

दुसरा धोका लागोपाठच्या बाळंतपणांचा. एका प्रसूतीनंतर शरीरातील लोहाचा साठा पूर्ववत होण्यास अवधी लागतो. म्हणून मूल झाल्यानंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान दोन वर्षांचे अंतर असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जमिनीस उसंत न देता एकाच वर्षात तीन पिके घेऊ पाहणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही. जुळी मुले असणे, अधिक बाळंतपणे झालेली असणे, मागील प्रसूतीत फार रक्त गेलेले असणे किंवा मासिक पाळीत अधिक स्राव होत असणे, हीदेखील याच वर्गातील कारणे होत.

तिसरा धोका जंतांचा आणि तो थेट शेतीशी निगडित आहे. उघड्यावर शौचास बसल्याने दूषित झालेल्या ओलसर मातीत आकडेकृमीच्या अळ्या असतात. अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायाच्या त्वचेतून त्या शरीरात शिरतात आणि पुढे आतड्यास चिकटून रोज थोडे थोडे रक्त शोषतात. म्हणून शेतात पायांत पादत्राण असावे आणि गरोदरपणाच्या दुसऱ्या तिमाहीत आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने जंतांची गोळी घ्यावी. पहिल्या तीन महिन्यांत मात्र ती घेऊ नये. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागात मच्छरदाणी वापरणे हाही रक्तक्षयाविरुद्धचाच उपाय आहे, कारण हिवताप तांबड्या पेशींचा नाश करतो.

चौथा धोका आहाराचा. केवळ धान्यावर भागविणे, डाळी-उसळी व पालेभाज्या यांची टंचाई, जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेणे आणि गरोदरपणातही कडक उपवास करणे, या सर्वांमुळे लोहाची आवक घटते. चहातील तुरट द्रव्य अन्नातील लोहास बांधून ठेवते. जेवण व चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवल्यास हे नुकसान टळते. ‘अधिक खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल’ ही समजूत अनेक घरांत आढळते. तिने आजवर कोणाचेच भले केलेले नाही.

सर्वच रक्तक्षय लोहाच्या अभावामुळे होतो असे मात्र नाही. या बाबतीत मुंबईचे एक उदाहरण स्मरणीय आहे. लूसी विल्स या इंग्रज संशोधक डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईस आल्या आणि गरीब गर्भवतींमध्ये, विशेषतः कापड गिरण्यांतील कामकरी स्त्रियांमध्ये, आढळणाऱ्या एका गंभीर रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. निकस आहार हे त्याचे कारण असल्याचे त्यांनी ताडले आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. आज गर्भवतीस मिळणाऱ्या तांबड्या गोळीत लोहाच्या जोडीला तेच असते. मुंबईच्या गरीब स्त्रियांच्या दुखण्यातून जगाला मिळालेले हे ज्ञान आपल्याच खेड्यांत पोहोचू नये, हे योग्य नव्हे.

याशिवाय नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली व विदर्भातील इतर काही भागांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. तेथे गर्भवतीची त्यासाठी तपासणी झालीच पाहिजे आणि हा विकार असलेल्या स्त्रीने लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

गोळी वाटली म्हणजे काम संपले काय?

शासकीय योजनेनुसार गर्भवतीस चौथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली एक गोळी रोज, याप्रमाणे १८० दिवस द्यावयाची असते. प्रसूतीनंतरही तितकेच दिवस ती चालू ठेवावयाची असते. या गोळ्या विनामूल्य मिळतात. तथापि २०१९-२१ च्या पाहणीत १८० किंवा अधिक दिवस गोळ्या घेतल्याचे सांगणाऱ्या माता देशात शेकडा २६ च होत्या. उरलेल्या गोळ्या कोठे गेल्या, हे प्रत्येक कार्यकर्त्यास ठाऊक आहे. त्या फडताळात, पत्र्याच्या डब्यात किंवा उकिरड्यावर सापडतात.

याचा दोष आम्ही त्या स्त्रीला देत नाही. गोळीने मळमळते, बद्धकोष्ठ होतो, शौचास काळे होते; याची पूर्वकल्पना तिला कोणी दिलेली नसते, म्हणून ती घाबरून गोळी सोडते. गोळीने मूल काळे होते, अशी भीती शेजारीण घालते. ‘रात्री जेवणानंतर थोड्या वेळाने गोळी घे, चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नकोस, लिंबूपाणी चालेल, शौचास काळे होणे हे निर्धोक आहे’ ही चार वाक्ये सांगण्यास पाच मिनिटे पुरतात. त्या पाच मिनिटांची नोंद मात्र कोणत्याही नोंदवहीत होत नाही. नोंद होते ती वाटलेल्या गोळ्यांची. किती गोळ्या वाटल्या यापेक्षा किती स्त्रियांचे हिमोग्लोबिन वाढले, हा गावाच्या कामाचा मापदंड असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. एक महिना गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढले नाही, तर त्या स्त्रीस वरच्या दवाखान्यात पाठविलेच पाहिजे. दिवस भरत आलेले असताना गोळ्यांना वेळ उरत नाही. तेथे शिरेतून लोह देण्याचा मार्ग आहे आणि तीव्र रक्तक्षयात रुग्णालयात दाखल होण्यास पर्याय नाही.

‘चांगला आहार असेल तर गोळ्या कशाला?’ असे म्हणणारेही भेटतात. वर दिलेला जमाखर्च पाहता हे म्हणणे टिकत नाही. गूळ-शेंगदाणे व खजूर हे पौष्टिक आहेत; पण गर्भवतीची तूट एकट्या त्यांनी भरत नाही. उलट ‘गोळी आहे, मग आहाराची चिंता कशाला?’ असे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे, कारण गर्भधारणेपूर्वीचा साठा आहारातूनच बांधला जातो. बाळंतिणीस आपण डिंकाचे व अहाळिवाचे लाडू हौसेने करून घालतो. ही चाल उत्तम आहे. परंतु वाढीच्या वयातील मुलीच्या व गर्भवतीच्या ताटाकडे तेवढ्याच हौसेने पाहिले, तर बाळंतपणानंतरची पुष्कळ धावपळ वाचेल.

शेताकडून ताटाकडे

येथे शेतकऱ्याचे काम सुरू होते. महाराष्ट्रातील कोरडवाहू भागाचे पूर्वापार अन्न बाजरी आहे आणि तृणधान्यांत ती लोहाच्या दृष्टीने समृद्ध आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ व हैदराबादजवळील इक्रिसॅट ही संस्था यांच्या प्रयत्नांतून विकसित झालेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा सुधारित वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. त्याच्या एक किलो धान्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते; साधारण बाजरीत हे प्रमाण ४५ ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे दिवसाला २०० ग्रॅम पिठाची भाकरी खाणाऱ्यास या वाणातून सुमारे १४ मिलिग्रॅम, तर साधारण बाजरीतून नऊ ते दहा मिलिग्रॅम लोह मिळते. महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींना लोहसमृद्ध बाजरीची भाकरी देऊन केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार महिन्यांत त्यांच्या शरीरातील लोहसाठा सुधारल्याचे दिसून आले. हा संकरित वाण नसल्याने योग्य काळजी घेऊन राखलेले घरचे बी पुढील हंगामात वापरता येते. नव्या वाणांत किमान ४२ मिलिग्रॅम लोह असलेच पाहिजे, असा दंडकही २०१८ पासून बाजरी संशोधन कार्यक्रमात घालण्यात आला आहे. वाणाची शिफारस करताना कार्यकर्ते उत्पादनाचा आकडा सांगतात. लोहाचा आकडाही त्यांनी सांगावा.

बाजरीच्या जोडीला मटकी, हुलगा, चवळी यांना मोड आणून उसळ करावी. मोड आणल्याने व आंबविल्याने धान्यातील लोहास अडविणारी द्रव्ये कमी होतात. उसळीवर लिंबू पिळावे किंवा ताटात आवळा, पेरू, टोमॅटो यांपैकी काही असावे. यांतील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक अंगी लागते. घराच्या सांडपाण्यावर परसात शेवगा, माठ, राजगिरा व तांदुळजा सहज होतात आणि लिंबाचे एक झाड कित्येक वर्षे फळे देते. ज्या घरी मांस व मासे खातात, तेथे त्यांचा वाटा गर्भवतीस प्रथम मिळावा, कारण त्यांतील लोह अधिक सुलभतेने शोषले जाते. भाजी-आमटी लोखंडी कढईत शिजविण्याची जुनी चाल पुन्हा सुरू केल्यास तीही उपकारक ठरेल.

सर्व पिकविलेले बाजारात नेऊन घरी रास्त भावाच्या धान्यावरच भागविणे, हा व्यवहार वरवर फायद्याचा दिसतो. दोन पोती बाजरी, पायलीभर मटकी व परसातील भाजी घरासाठी राखून ठेवल्याने होणारी आर्थिक तूट किरकोळ असते; एका अवघड बाळंतपणाचा खर्च तिच्या कित्येक पटींनी असतो आणि काही वेळा तो पैशाने फिटतही नाही.

यादीतून निसटणारी स्त्री

एका विशिष्ट स्त्रीवर्गाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. दिवाळीच्या सुमारास बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीस निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कल्पना करा, अशा एका कुटुंबातील सून सतरा वर्षांची असताना विवाहित झाली, अठराव्या वर्षी पहिले व दीड वर्षाने दुसरे मूल झाले आणि तिसऱ्या खेपेचा तिसरा महिना चालू असताना ती कोयता घेऊन फडावर गेली. पहाटेपासून मोळ्या वाहणे, पालावरचा अपुरा स्वयंपाक, पाण्याची वानवा, उघड्यावर शौच. गावच्या अंगणवाडीच्या यादीत तिचे नाव आहे, पण ती गावात नाही. ज्या गावच्या फडात ती आहे, तेथील यादीत तिचे नाव नाही. ती परत येते तेव्हा आठवा महिना लागलेला असतो आणि गोळ्यांचा काळ बहुतेक सरलेला असतो. वर सांगितलेले जवळजवळ सर्व धोके या एका स्त्रीच्या ठायी एकवटलेले असतात.

हिच्यासाठी नवी योजना हवी असे नाही. टोळी निघण्यापूर्वी आशा कार्यकर्तीने तिचे रक्त तपासून घ्यावे, सर्व गोळ्या व माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या हाती द्यावे आणि ती ज्या गावी जाणार तेथील आरोग्यसेविकेस दूरध्वनीने कळवावे. फडाच्या गावातील अंगणवाडी सेविकेने आलेल्या पालांची आठवड्यातून एकदा फेरी करावी. ऊस ज्याच्या शेतातील आहे, त्या बागायतदारानेही आपल्या फडात कोणी गर्भवती आहे काय याची चौकशी करून तिला दरमहा ९ तारखेच्या तपासणीस जाऊ द्यावे. आपला ऊस तोडणाऱ्या स्त्रीविषयी एवढे कर्तव्य त्याच्याकडे निश्चितच येते.

गावाने काय करावे

शेवटी, कार्यकर्ते व कुटुंबप्रमुख यांस काही सूचना कराव्याशा वाटतात. मातीचा नमुना तपासल्याशिवाय खत टाकू नये, हे आता गावोगाव पटले आहे. त्याचप्रमाणे घरातील प्रत्येक विवाहित स्त्रीचे व किशोरवयीन मुलीचे रक्त वर्षातून एकदा तपासून घ्यावे. गर्भधारणेची नोंद पहिल्या तीन महिन्यांत व्हावी. प्रत्येक भेटीत हिमोग्लोबिनचा आकडा कार्डावर लिहिला जावा आणि तो आकडा सासू व पती यांनाही समजावून सांगितला जावा. लावणी व काढणीच्या घाईत गर्भवतीस वाकून करावयाची व ओझ्याची कामे देऊ नयेत. प्रसूती दवाखान्यातच व्हावी आणि मूल ठीक असल्यास नाळ एक ते तीन मिनिटे थांबून बांधावी, म्हणजे वारेतील थोडे अधिक रक्त बाळास मिळते.

आणि सर्वांत सोपी, पण आपल्या घरांत सर्वांत अवघड असलेली सूचना अशी की, गर्भवतीने सर्वांच्या बरोबर जेवावयास बसावे. तिला काय वाढले गेले, हे मग सर्वांना दिसेल. यासाठी पैसा लागत नाही, शासकीय मंजुरीही लागत नाही. घरातील वडील माणसांनी आज रात्रीच ठरविले, तर उद्यापासून ते घडू शकते.